दुसरं पान

रिपोर्ट दोन पानी आला.
पहिलं पान मी सगळ्यांना दाखवलं.
ट्रायग्लिसराइड दोनशे ब्याऐंशी,
चांगलं कोलेस्टेरॉल चौतीस,
वाईटाचं काय, ते वाईटच.
अंबडच्या कँटीनमध्ये धात्रक म्हणाला,
'एवढंच? माझं तीनशे दहा!'
आणि तर्रीची दुसरी वाटी मागवली.
बोरस्तेचं दोनशेच्या आत निघालं,
तर त्याला आम्ही दिवसभर पोरगं म्हणालो.

दुसरं पान घडी घालून
हेल्मेटच्या अस्तरात सारलं.

तेवीस वर्षं मी क्वालिटीत आहे.
हातात गेज. एक बाजू जायला हवी, दुसरी अडायला हवी.
वीस मायक्रॉन इकडेतिकडे, की पीस लाल ट्रेमध्ये.
ऑपरेटर गयावया करतो,
'साहेब, बसतोय हो तो, एकदा बसवून तरी बघा.'
मी बघत नाही.
ड्रॉइंग म्हणेल ते खरं.

आणि आता टेस्टोस्टेरॉनसमोर
एक छोटा तारा.
दोनशे अठरा. खालच्या मर्यादेच्याही खाली.
माणसांचा लाल ट्रे कुठे ठेवतात
ते छापलेलं नव्हतं.

इंदिरानगरच्या गायधनी डॉक्टरीणबाई
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
'हे दोघं शेजारी आहेत.
हा उतरला की तो पुष्कळदा चढलेला दिसतो.
पोटावरची चरबी ह्याचं रूपच पालटून टाकते,
आणि हा कमी पडला की पोट आणखी सुटतं.
भांडण कुणी सुरू केलं
ते नका विचारू, नीट कुणालाच ठाऊक नाही.'
मी आवाज खाली आणून, 'इंजेक्शन?'
'आधी रात्रपाळीनंतरचे वडे बंद. झोप. चालणं.
आणि सकाळी आठला पुन्हा रक्त.
एका आकड्यावर मी माणूस ठरवत नाही.'
हे मला पटलं.
आम्हीसुद्धा पाच पीस मोजल्याशिवाय
लॉट नाकारत नाही.

म्हणून पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या.
मोजत नाही. मोजणं ड्यूटीवर पुष्कळ होतं.
माझ्याच वयाचे कितीतरी,
कानाला मफलर, मनगटाला घड्याळ,
वळणावर कठड्याला टेकून
एकमेकांना विचारतात, 'तुझं किती?'
म्हणजे चरबी.
दुसरं कुणी काही विचारत नाही.
खाली हायवेवर ट्रकचे दिवे,
सिडकोच्या गच्च्यांवर काळ्या टाक्या,
आणि पार्किंगमध्ये ओळीनं
हँडलला अडकवलेली हेल्मेटं.
मी उगीच त्यांच्याकडे बघत राहिलो.

रविवारी ज्योत्स्नानं
न विचारता अस्तर धुवायला काढलं.
बाल्कनीत आलो तर
दोन मोज्यांच्या मधोमध, चिमट्याला,
दुसरं पान वाळत होतं.
स्वस्तातल्या प्रिंटरची शाई. तारा फुटून
निळसर डाग झालेला.

'आकडा कळत नाहीये,' ती म्हणाली. 'किती होता?'
'दोनशे अठरा.'
'जास्त?'
'कमी.'
तिनं चिमटा काढला, पान उलटं करून
ओली बाजू उन्हाकडे केली.
'तरीच,' म्हणाली.
ह्या 'तरीच'वर मी काय बोलणार होतो,
पण ती पुढे बोलत होती,
'माझ्या थायरॉइडचा कागद वाचलास कधी?
तीन वर्षं फ्रिजवर आहे.'

गेलो. होता.
गॅसवाल्याच्या नंबरखाली,
द्राक्षाच्या घडाच्या मॅग्नेटनं धरलेला,
कडा पिवळट, तेलाचं एक बोट उमटलेलं.
रोज ह्याच दारातून मी पाण्याची बाटली काढतो.
तिच्या आकड्यासमोरही तारा होता,
पूर्ण, न फुटलेला.

मंगळवारी आठच्या आधी
लॅबच्या बाकड्यावर दोघं, उपाशी.
शेजारच्या गाळ्यातून मिसळीची फोडणी येते.
तिचं पोट गुरगुरतं, मग माझं.
आतून हाक येते, 'ढिकले कोण?'
आम्ही दोघंही उठतो.